गिअरच्या दांडीखाली

गाडीच्या पडद्यावर पुन्हा तोच लाल इशारा उमटला: गिअरबॉक्समध्ये बिघाड. दिगंबर मिस्त्रीने गाडी बंद करून पुन्हा चालू केली; इशारा जाईना. डॉक्टरीणबाईंची ही वीस वर्षांची महागडी ऑटोमॅटिक गाडी त्याच्याकडे फक्त गिअरबॉक्सचं तेल बदलायला आली होती. परवा तेल भरल्यावर लोण्यासारखे गिअर पडत होते, आणि आज दसरा उलटताच गाडी जागची हलेना.

आपण चुकीचं तेल तर नाही भरलं? त्याने डब्यावरचं लेबल तीनदा वाचलं. तेल बरोबर होतं. तेवढ्यात गाडी न्यायला बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्याने घाईघाईने गिअरच्या दांडीचं झाकण उचकटलं. आत मुंग्यांची रांग लागली होती. चिकट झालेल्या सर्किटवर कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा बसला होता. परवा खंडेनवमीच्या पूजेत नारळ फोडून त्यानेच मोठ्या भक्तीने त्याचं गोड पाणी दांडीवर शिंपडलं होतं.

त्याने दाणा उचलला, सर्किट साफ करून सुकवलं. इशारा विझला, गाडी हलली.

दांडीवरचं कुंकू पाहून बाईंनी हात जोडले. "तू पूजा केलीस म्हणून थोडक्यात निभावलं बघ. पुढच्या खंडेनवमीला नारळ माझ्याकडून."

दिगंबरने मुठीतला दाणा हळूच खिशात टाकला.