तोंडओळख

कोणत्या रंगाची टोपी घातली म्हणजे वाघाला माणूस दिसत नाही, यावर श्रीपतीच्या बैठकीत अर्धा तास वाद चालला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ताडोब्याला निघायचं होतं. अण्णासाहेब तर आपली खाकी टोपी घरातच घालून सोफ्यावर बसले होते. नवीन जालन्यात त्यांचं सरकीचं दुकान. न्हाणीत पाल दिसली तरी बायकोला हाका मारणारा हा माणूस, वाघ उठताना कान कसे मागे घेतो ते दोन्ही हातांनी करून दाखवत होता. अंबडचा केशव वकील मांडीवर नकाशा पसरून मान डोलावत होता.

श्रीपतीची आई, गोजरबाई, आतल्या दारापाशी बसून सगळं ऐकत होती. पोरगा बँकेत साहेब झाला याचं तिला कौतुक होतं. पण त्याचे हे दोस्त आले की तिला उगाच पदर नाकाला लावावासा वाटे.

तिच्या शेजारी कडूबा भिंतीला टेकून बसला होता. तिचा धाकटा भाऊ. सकाळच्या एस.टी.ने धावड्याहून आला होता. धुतलेलं धोतर, पिशवीत घोंगडी आणि वाटेत खायला दशम्या. दिवाळीत श्रीपतीने शब्द दिला होता, मामा, जीपमध्ये सहा जागा, त्यातली एक तुमची.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली, डोंगराखालची ज्वारी राखताना, कडूबाला वाघाने धरलं होतं. लोक डबे बडवत धावले म्हणून वाचला. धावड्यात कोणी वाघाचं नाव घेत नसे, बाबा म्हणत. कडूबा तेव्हापासून बाबानं सोडलेला माणूस. नवा गोऱ्हा पहिल्यांदा औताला धरायचा तर आधी त्याच्या पाठीवरून कडूबाचा हात फिरवून घेत. चाळीस वर्षं गाव त्याच्याकडे त्या नजरेने बघत आलं होतं. फक्त गोजरबाईला ठाऊक होतं की जनावर मागून आलं, कडूबा जागीच बेशुद्ध पडला, शुद्धीवर आला तो बैलगाडीत. ज्याने आपल्याला सोडलं त्याचं तोंड त्याने कधी पाहिलंच नव्हतं. एकदा पाहावं, एवढीच त्याला आस होती.

"मामा, पाठ दाखवा ना जरा यांना," श्रीपती म्हणाला.

कडूबाने बंडी काढली. त्याला त्याची सवय होती. खांद्यापासून कमरेपर्यंत चार जाड वळ. अण्णासाहेबांनी एका वळावरून बोट फिरवलं आणि बोट पँटला पुसलं. मग कॅमेरा आणवून फोटो काढला. वाघ नाही दिसला तरी लोकांना दाखवायला काहीतरी झालं, म्हणाले.

केशव वकिलाने वनखात्याला पाठवलेली नावांची यादी वाचली. पाच नावं झाली. सहावं नाव शिवाजी आचाऱ्याचं होतं.

गोजरबाईने विचारलं, कडूबाचं नाव कुठाय? श्रीपती जरा चुळबुळला. यादी आठ दिवसांपूर्वीच गेली होती, मामांना कळवायचं राहून गेलं. तिथे जेवणाचे फार हाल असतात, आचारी लागतोच. "आणि मामांनी काय नवीन बघायचं, आई? त्यांची तर गळाभेट झालीय."

सगळे हसले. कडूबाही थोडा हसला. ते हसणं काही गोजरबाईला सोसवलं नाही.

"त्यानं तोंड न्हाई पाह्यलं त्याचं," ती म्हणाली. "मागून आल्तं जनावर. म्हणून तर जायचं म्हणतोय तो."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

अण्णासाहेबांनी टोपी मागे सारली. "पाहिलाच नाही? मग वाघच होता कशावरून? तरस असेल. आपल्याकडे तरसं फार."

केशव वकील म्हणाला, तरसाचीही शक्यता नाकारता येत नाही. श्रीपतीने थर्मास किती न्यायचे ते विचारलं. कडूबाचा हात बंडीच्या गुंडीवर तसाच थांबला. बैठकीत बोलणं थर्मासवर गेलं.

गोजरबाई उठली, कडूबाची पिशवी तिने स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि चपला घातल्या. कुठे निघालीस म्हणून श्रीपतीने विचारलं. तिने वळून पाहिलं नाही. रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारा-म्हातारी स्टँडवर निघालीत. तिने त्याला नुकत्याच आलेल्या सर्कशीच्या मैदानावर न्यायला सांगितलं.

खेळाला अवकाश होता. तंबूमागे पिंजरे होते. राखणदाराने हटकलं, पण म्हातारीचा चेहरा बघून बाजूला झाला. वाघ पाय पसरून पडला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कडूबा गजांपासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. चपला त्याने आधीच काढून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात एक माणूस हाडांची बादली घेऊन आला. बादलीची कडी वाजली मात्र, वाघ झटकन उठला, पिंजऱ्यातल्या लाकडी स्टुलावर चढला आणि पुढचे दोन्ही पाय जुळवून बसला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

कडूबा त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. वाघ बादलीकडे बघत होता.

"पाह्यलं का तोंड?" गोजरबाईने विचारलं.

"पाह्यलं." कडूबा वाकून चपला घालू लागला. "पर माझा हा न्हाई, अक्का. हा नोकरीला हाय."