मॉरिटानियाचा झेंडा

“तीन,” शाईस्ता म्हणाली.

हातातल्या कार्डाकडे बघून अमरसिंहदादा हसले. “चूक. मॉरिटानियाच्या झेंड्यात रंग दोनच. हिरवा आणि पिवळा.”

धारूरच्या त्या मंगल कार्यालयात टाळ्या पडल्या. सामान्यज्ञान स्पर्धेचा हा शेवटचा प्रश्न होता. दोघी मुली बरोबरीत होत्या, आणि सुकन्यानं पाटीवर ‘दोन’ लिहिलं होतं. सुकन्या म्हणजे दादांची पुतणी आणि दादा म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. या स्पर्धेत दहावीतली जी मुलगी पहिली येईल, तिला संस्था स्वतःच्या खर्चानं अकरावीला लातूरला ठेवणार होती. सुकन्या काय, तशीही जाणारच होती. शाईस्ताच्या बापाला, दस्तगीरला, फळांच्या गाड्यावर ते झेपणारं नव्हतं.

टाळ्या थांबल्या तरी शाईस्ता बसली नाही. “दादा, कार्ड जुनं हाय. आता वर-खाली लाल पट्टे आलेत. ज्ञानकोशात बघा की. आपल्या अंगद सरांनीच लावलाय तिथं झेंडा.”

सगळ्या माना अंगदकडे वळल्या.

अंगद शाळेत इतिहास शिकवायचा. त्याचा जीव मात्र इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात, जिथं कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं. तिथल्या देशांच्या पानांवरचे झेंडे तो सांभाळायचा. कुठं राजवट बदलली, कुठं निळा रंग थोडा फिका झाला, की अंगद दुरुस्ती करणार. कुणी खोडसाळपणे भलताच झेंडा डकवला, तर तो दिसताक्षणी काढणार. शाईस्ताला त्यानंच तिथं खातं काढून दिलं होतं. आफ्रिकेची पानं ती बघायची.

“ही बरी आठवण केलीस,” दादा माईकवर म्हणाले. “जगाचे झेंडे सांभाळणारा माणूस घरात असताना कार्डं कशाला? अंगद सर, काढा मोबाईल, या वर.” अंगद व्यासपीठावर आला तेव्हा त्यांनी माईक बाजूला केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या कायम नेमणुकीचा कागद टेबलावरच हाय माझ्या. उद्या सही करतो.” ते गोड हसले.

त्या सहीची वाट बघता बघता अंगदच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते.

त्यानं पान उघडलं. हिरव्या रंगावर पिवळा चांद-तारा, वर-खाली लाल पट्टे. नुसतं तोंडानं ‘दोन’ म्हणून भागलं नसतं. पोरगी मोबाईल मागणार, हे त्याला ठाऊक होतं. जुन्या झेंड्याचं चित्र ज्ञानकोशात होतंच. त्यानं पानावरून नव्या चित्राचं नाव काढून तिथं जुन्याचं घातलं आणि ‘जतन करा’ हे बटण दाबलं. मग त्यानं मोबाईल दादांच्या हातात दिला.

“दोन!” दादांनी मोबाईल उंच धरला.

शाईस्ता व्यासपीठावर आली. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरून पाहिला, बराच वेळ पाहिला. तिचे कान लाल झाले.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

मागच्या रांगेतून दस्तगीर उठला. “आधी सरांची माफी माग. भरल्या सभेत सरांचं नाव घेऊन वाद घालती व्हय?”

“माफ करा सर.”

“असू दे,” अंगद म्हणाला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी गेल्या गेल्या झेंडा पूर्ववत करायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण त्याआधीच ज्ञानकोशावरच्या सांगलीच्या एका जुन्या सहकाऱ्यानं ते काम केलं होतं. सोबत निरोप होता : ‘सर, बहुधा नजरचूक झाली. दुरुस्त केलं.’ अंगदनं उत्तर दिलं, ‘हो, नजरचूकच. आभार.’ एवढ्यावर मिटलं म्हणून तो निवांत जेवला.

सकाळी त्याच माणसाचा दुसरा निरोप आला. शाईस्ता नावाचं एक खातं मॉरिटानियाच्या पानावर जुनाच झेंडा पुन्हा पुन्हा लावतंय, समजावलं तरी ऐकत नाही. धारूरचं दिसतं. तुमच्या ओळखीचं आहे का?

काय घडलं असणार, हे अंगदला लगेच कळलं. ‘हो’ म्हणायचं तर ती असं का करते तेही सांगावं लागलं असतं. चहा निवेपर्यंत तो मोबाईलकडे बघत बसला. मग त्यानं लिहिलं, ‘ओळखत नाही. नियमाप्रमाणे करा.’

दुपारी सहीचा कागद मिळाला. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटून तो व्हरांड्यात आला, तर भिंतीला टेकून शाईस्ता उभी होती. तिचे डोळे सुजले होते. हिला सगळं कळलं, असं अंगदला वाटलं.

“सर, माझं खातं बंद केलं त्यांनी. कायमचं.”

“का गं?” तो कसाबसा म्हणाला.

“तुमी लावलेला झेंडा काढला कुणीतरी. मी परत लावला. त्यांनी काढला, मी पुन्हा लावला. मला म्हणले, पुरावा दे. मी लिहिलं, आमच्या सरांनी लावलाय, आमचे सर चुकीचं लावत न्हाईत.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “तर मला लिहितेत काय, की तुमच्या सरांनाच विचारलं, ते तुला ओळखत न्हाईत म्हणाले. सर, लई खोटारडी माणसं हायेत ती.”