मौनाचा सोमवार

"बोलायचं नाही हं, वैदेहीताई. तुमच्या लिखाणालाच बोलू द्या," व्हिडिओ कॉलवर आमच्या ऑफिसचे टिपणीस साहेब म्हणाले. मी हसून मान डोलावली. सोमवारी दुपारी बारापर्यंत माझं मौनच असतं.

लॅपटॉपच्या चिपमध्ये एन्क्रिप्शनची, म्हणजे सगळी माहिती कुलूपबंद करणारी, नवी किल्ली कशी बसवायची, ते मी एका ऑनलाइन पानावर पायरीपायरीने लिहून दिलं होतं. साहेब स्वतःच्याच लॅपटॉपवर करून बघत होते. एक ओळ वाचायची की लगेच तसं करायचं. "वा! माझ्या आईलासुद्धा जमेल. पुढे काय? चिपमधली जुनी किल्ली पुसा. पुसतो."

मी पटकन पान पाहिलं. 'आधी तिची प्रत काढून ठेवा' हे मी त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं! प्रत न काढता किल्ली पुसली, की साहेबांचं वर्षभराचं काम कायमचं कुलुपात. मी चॅटवर लिहिलं, दोन्ही हात हलवले. पण त्यांच्या अख्ख्या पडद्यावर माझंच पान पसरलेलं.

"खरंच पुसायची का, असं लॅपटॉप विचारतोय. हो तर! ताईंनी लिहिलंय ना."

देवा, मौन मोडू का आता? हात देव्हाऱ्याकडे गेला आणि मी घणाघणा घंटा वाजवू लागले.

साहेबांनी माउस सोडला, डोळे मिटले, हात जोडले. "चालू द्या, ताई. आरती झाली की पुसू."

आता घंटा थांबवायची सोय नव्हती. उजव्या हाताने ती वाजवत, डाव्या हाताने मी ऑनलाइन पानावरच्या त्या दोन ओळींची अदलाबदल केली. साहेब डोळे उघडतील तेव्हा त्यांच्या पडद्यावरही 'आधी तिची प्रत काढून ठेवा' हीच ओळ वर असणार होती.