टपालाच्या फटीतून

“तू नुसता बघत राहिलास? आणि तिला जाऊ दिलंस?” फोनवर मोठ्या बहिणीने आपल्या म्हाताऱ्या बसड्रायव्हर भावाला चांगलंच फैलावर घेतलं आणि उत्तर न ऐकताच फोन कट केला.

आता काय बोलणार, कपाळ! लेकीची कादंबरी कालच छापून आली होती, ताईने ती वाचूनही टाकली होती, आणि सगळी गोष्ट ‘मी, मी’ करत बापाच्याच तोंडून सांगितलेली. त्याने पुन्हा ते पान उघडलं. बायको बॅग घेऊन घर सोडते आणि हे महाशय बंद दाराआडून, टपालाच्या फटीतून बघत राहतात. तिच्या चपलेचा तुटलेला पट्टा, पट्ट्याला लावलेली पिन, बॅगेचं अडकणारं चाक. हाक काही मारत नाहीत.

पट्टा तुटला होता खरा. पिन त्यानेच लावून दिली होती. पण ती गेली त्या दिवशी तो बसवर ड्युटीला होता ना? की नव्हता? वाचून वाचून त्याला आता ती चप्पल जाताना दिसायलाही लागली होती. डोक्याचा पार भुगा झाला.

“अगं, मी घरी होतो का गं तेव्हा?”

“बाबा, कादंबरी आहे ती,” लेक कप विसळता विसळता म्हणाली. “कशाला डोकं शिणवता?”

“तुझ्या आत्याने बिनपाण्याने केली माझी, म्हणून विचारतो.”

तो उठून दाराशी गेला. हा ताडमाड उंच, आणि फट कमरेच्याही खाली. वाकून काही जमेना. शेवटी गुडघ्यांना शिव्या घालत तो उकिडवा बसला आणि झडप उचलली. पायरी दिसली, फाटक दिसलं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसल्या.

इथे तो जन्मात कधी बसला नव्हता. इथे ताठ उभं राहून बघायचं, तर माणूस अगदी एवढंसं हवं.

चिमुरडी लेक तेव्हा आजीजवळ झोपली होती, असंच सगळे धरून चालले होते.

त्याने मागे वळून पाहिलं. नळ तसाच वाहत होता. लेक कप हातात धरून उभी होती, खाली मान घालून.

फोन पुन्हा वाजला. त्याने तो तिथेच, खाली बसूनच उचलला.

“हो ताई,” तो म्हणाला, “मीच होतो. फार घाबरलो होतो गं. तोंडातून हाकच फुटली नाही.”