झुंजून हरा

शहाजीरावांनी रणजीतला गॅलरीत नेलं, मागे दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगू का, रणजीतराव? आता आमची सुनयना तुम्हाला डाव खेळायला बोलवील. तुम्ही हरा."

"म्हणजे?"

"म्हणजे जिंकू नका. पोरीला हरायची सवय नाही. पण लगेच बी हरू नका. मागचे दोघं फार लवकर हरले, तिथंच बिनसलं. तुम्ही जरा झुंजून हरा."

रणजीत कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे होता. त्याने नुसती मान हलवली. शहाजीरावांनी तो होकार धरला.

मुलगी बघायच्या कार्यक्रमात लढाईचा डाव कुठून आला, असं कोणीही विचारेल. शहाजीराव मोहिते फौजेत हवालदार होते. तिथे हल्ल्याआधी डोंगर, नाले, वाटा असं सगळं वाळूत मांडून दाखवतात. पेन्शन घेऊन साताऱ्याहून ते नेरूळला आले, वर्षाच्या आत बायको गेली आणि दहा वर्षांची सुनयना बोलेनाशी झाली. तेव्हा त्यांनी एका जुन्या दारावर तिच्यासाठी असाच मुलूख उभा केला. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे डोंगर, हिरव्या रंगात भिजवलेल्या लाकडी भुशाचं रान, घोसाळ्याच्या जाळीची झाडं. एम-सीलचे बोटभर उंचीचे मावळे आणि मोगल. फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून सैन्य पुढे न्यायचं. पहिल्याच लढाईत शहाजीराव हरले आणि पोरगी खुदकन हसली. त्यानंतर ते कधी जिंकलेच नाहीत. माणसाने हरावं तरी किती? पण पोरीच्या हसण्यापुढे फौजी माणसाचंही काही चालत नाही.

आता सुनयना बावीस वर्षांची होती. वाशीत एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची आणि घरी येऊन उदबत्तीच्या काडीने मावळ्यांना मिशा काढायची. लग्नासाठी तिची अटच होती. चहा-पोहे होऊ द्या, पण मुलाने माझ्याशी एक डाव खेळायचा. आधीचे दोघे खेळले, हसत हसत हरले, आणि तिने दोघांनाही नकार दिला. त्यातला एक तर बँकेत होता! शहाजीरावांची झोप उडाली. पोरगी या थर्माकोलच्या डोंगरात म्हातारी झाली, तर वर जाऊन बायकोला कोणतं तोंड दाखवायचं?

हॉलमध्ये रणजीतची आई शकुबाई पोह्यांची रिकामी बशी घेऊन बसल्या होत्या. समोर जमिनीवर ते जुनं दार, दारावर घाट आणि घाटाच्या माथ्यावर किल्ला.

"किल्ला माझा," सुनयना म्हणाली. "तुमी तो घ्यायचा."

रणजीत गुडघ्यांवर बसला. त्याने एक मावळा उचलून डोळ्यांजवळ नेला. "ह्याला डोळे पन काढलेत तुमी?"

"डोळ्यांशिवाय लढेल कसा?"

शकुबाई हसल्या. शहाजीरावांना बरं वाटलं.

किल्ला दोन रीतींनी पडायचा. तट फोडला तर, किंवा गावातून धान्य घेऊन येणारे बैल वर पोचले नाहीत तर. पण बिचाऱ्या बैलांकडे कोण बघतो? सगळे तटाकडेच धावायचे. रणजीतही धावला आणि त्याची अर्धी फौज गारद झाली. पोरगा मस्त झुंजून हरतोय, असं म्हणत शहाजीरावांनी मनातल्या मनात पत्रिका छापायला टाकली.

रणजीतच्या कमरेचा पेजर वाजला. त्याने न बघताच तो बंद केला. थोडा वेळ तो किल्ल्याकडे बघत राहिला. मग त्याने उरलेले सगळे सैनिक तटापासून उचलले आणि पट्टीने मोजत मोजत घाटाच्या तोंडाशी आणले, बरोबर बैलांच्या वाटेवर.

शहाजीराव खाकरले. रणजीतने वर बघितलं नाही. शहाजीराव आणखी जोरात खाकरले.

"खोकला झालाय व्हय तुमास्नी?" शकुबाईंनी विचारलं.

"कळंबोलीत रोज बघतो," रणजीत सुनयनाला सांगत होता. "गेटवर गाड्या अडल्या की आतला बाजार आपोआप थंड."

सुनयना ओठ चावत पुढे सरकली. तिने किल्ल्यातली फौज खाली उतरवली. घाटात तुंबळ मारामारी झाली. दोघांनाही आजूबाजूचं भान उरलं नाही. शेवटी फासे तिच्यावर उलटले, बैल गेले आणि किल्ला पडला.

शकुबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, पोरगी बघाय आलायस का मुलूख जिंकाय?"

सुनयना उठली आणि स्वयंपाकघरात गेली. शहाजीरावांनी रणजीतकडे असं बघितलं, की तो फौजेत असता तर त्याला मैदानाला फेऱ्या मारत बसावं लागलं असतं. मग तेही पोरीच्या मागे गेले.

ती ओट्याला टेकून उभी होती. चेहरा लाल झाला होता.

"जाऊ दे, बाळा," ते म्हणाले. "नाही जमणार म्हणून सांगतो त्यांना."

"होकार सांगा, पप्पा."

"अगं, पण हरवलं की त्यानं तुला!"

"हो ना! आजपर्यंत माझ्याशी कोणी खरं लढलंच नव्हतं. तुमी पन नाही."

इतकी वर्षं आपण बेमालूम हरतोय, असंच शहाजीराव समजत आले होते. पोरीला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती दर वेळी हसत आली होती. ते पुन्हा खाकरले. आता खोकला खरा होता.

"मग मागच्या दोघांचं काय चुकलं?" त्यांनी विचारलं. "तेही माझ्यासारखेच हरले की."

सुनयनाने ओट्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकी सताड उघडी होती आणि पलीकडे गॅलरी होती.

"इथनं सगळं ऐकू येतं, पप्पा. तुमी प्रेमानं हरलात. ते दोघं तुमचं ऐकून फितूर झाले. हा नाही झाला."