अर्धा इंची लाइन

"सुई डोळ्यात? माझ्या?" कडूबा खुर्चीतून अर्धा उठला. "मॅडम, दंडात द्या, कमरेत द्या. नायतर असं करा, हिला द्या."

हिला म्हणजे भागूबाईला, त्याच्या बायकोला. ती शेजारीच बसली होती. "माझे डोळे धड हायेत," ती म्हणाली. "तुम्ही बसा खाली."

डॉक्टर मंजुषा हसल्या. जालना रोडवरच्या त्या दवाखान्यात असे घाबरणारे रोजच यायचे. पण हा गडी साधासुधा नव्हता. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाइनमन होता. चोरटे नळ तोडण्यात अख्खी नोकरी गेली. हातात पाना घेऊन गल्लीत शिरला की बाया धडाधड दारं लावून घ्यायच्या. तोच माणूस आता एका सुईपुढं घाम पुसत होता. मधुमेहानं डावा डोळा रक्त उतरून आधीच गेला होता आणि आता उजव्याला सूज आली होती. तोही गेला तर सगळा अंधारच. हे त्याला कळत होतं, म्हणून तर तोंडाची एवढी टकळी चालली होती.

"काका, तुमच्याच भाषेत सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "साखरेनं डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब केल्यात. काही भागाला रक्तच पोहोचत नाही. मग तो भाग ओरडतो, मला द्या, मला द्या. म्हणजे एक द्रव्य सोडतो. त्यानं जुन्या वाहिन्या पाझरायला लागतात आणि नव्या फुटतात. नव्या अगदी कच्च्या. गळतात, तुटतात."

"चोरटी कनेक्शनं!" कडूबा ताठ बसला. "तोडा की मग. एकूण एक तोडा!"

"नुसतं तोडून भागत नाही हो. मागणी चालू राहिली की परत येतात. ही सुई त्या द्रव्याला गप्प बसवते. महिन्याला एक, अशा तीन तरी घ्या. मग बघू. आणि साखर ताब्यात पाहिजे."

"मिळंनाच तर कुणीबी काय करील वो," भागूबाई हळूच म्हणाली. "त्या डोळ्याचं तरी काय चुकलं?"

"तू गप. चोरी ती चोरी. मॅडम, तीस वर्षांत एक लाइन सुटली नाय माझ्या नजरेतून."

भागूबाईला एकाएकी खोकला आला.

डोळ्यात थेंब टाकून आधी बधिर केलं होतं. सुई कधी गेली ते कडूबाला नीट कळलंसुद्धा नाही. बाहेर येऊन मात्र त्यानं रिक्षावाल्याला चिकलठाण्यापर्यंत आपल्या मोठ्या ऑपरेशनची हकीकत ऐकवली.

दुसऱ्या दिवसापासून भागूबाईनं नवंच खूळ काढलं. गुळाचा डबा शेजारणीकडं गेला, ते एक ठीक. पण रोज सकाळी ती कडूबाला हाताला धरून मागच्या अंगणात न्यायची आणि अळूसमोर उभं करायची. त्या अळूचा कडूबाला भारी अभिमान. नळ आठव्या दिवशी येणार आणि ह्यांचा अळू बारा महिने हिरवागार. "आमच्या घरात पाणी जपून वापरतात," असं तो गल्लीत सांगत सुटायचा.

"काय दिसतं?" भागूबाई विचारायची.

"हिरवं दिसतं. अळू असंल."

"अन् मागं?"

"मागं भिंत. दुसरं काय दिसणार?"

"बरं," म्हणून ती आत निघून जायची.

दुसरी सुई झाली. तरी भिंत ती भिंतच. तिसऱ्या सुईच्या आदल्या दिवशी कडूबा अडून बसला. "बास. मी येत नाय." मग आवाज एकदम खाली आला. "भागू, नाय यायची आता नजर. कशाला उगं आशा लावती?"

इतक्या दिवसांत तो असं पहिल्यांदाच बोलला. रात्री तो धडपडत माठ शोधायचा, ते भागूबाईनं पाहिलं होतं. रडली असती तर तोही रडला असता. म्हणून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लोकांच्या दारातल्या लाइना तोडताना लई जोर होता. स्वतःच्या डोळ्यातलं काम अर्ध्यात टाकून पळता व्हय?"

हे मात्र लागलं. कडूबा गेला, तिसरी सुई घेऊन आला आणि दोन दिवस बायकोशी बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो आपणहून अंगणात गेला. आधी अळूच्या पानांची कड दिसली. मग पानावरच्या शिरा. तो वाकला, पान बाजूला केलं आणि तसाच थांबला. मागच्या भिंतीला चिकटून एक करडा पाइप रस्त्याकडून आला होता आणि सरळ मोरीत शिरला होता. सांध्यातून टप टप पाणी अळूच्या बुडाशी पडत होतं.

"भागे!" ज्या आवाजानं एके काळी गल्ल्यांची दारं लागायची, तोच आवाज. "ही अर्धा इंची लाइन कुणी घेतली?"

भागूबाई पिठाचे हात तसेच घेऊन पळत आली. "मी घेतली. आपल्या लेकीच्या, रूपाच्या बाळंतपणात. अठरा वर्षं झाली. तुम्ही त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत तोडायला गेलता."

"माझ्या घरात? अन् मला दिसली नाय?"

"पुढं पत्रा लावलेला होता."

"मग पत्रा कुठं गेला?"

भागूबाई पायरीवर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"पहिली सुई झाली त्याच दिवशी काढला," ती म्हणाली. "म्हटलं, मी ज्या दिवशी धरली जाईन, त्या दिवशी तुमची नजर परत आली."