काहीतरी चुकलंय

डोक्यात स्मृतियंत्र बसवल्यापासून इंदुताई येईल-जाईल त्याची माफी मागत सुटल्या होत्या. दूधवाल्याची, वॉचमनची, सुनेचीसुद्धा. दुरुस्तीला आलेल्या शार्दूलने त्यांच्या कानामागे वायर जोडून एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, उघडला आणि कपाळावर हात मारला.

"मृदुला, एरर कुठलीही येवो, तुझा कोड एकच वाक्य लिहितो. 'काहीतरी चुकलंय.' काय चुकलंय, कुठे चुकलंय, काही पत्ता नाही! आणि लिहितो कुठे, तर थेट यांच्या आठवणींत! मग यांना वाटतं, चूक आपलीच."

"डेडलाइन डोक्यावर होती," सोबत आलेली त्याची सहकारी मृदुला फणकारली. "आणि कोड तपासून पास कुणी केला होता?"

त्यानेच केला होता, न वाचता. शार्दूल सगळ्या नोंदी पुसायला निघाला.

"अहो, थांबा जरा," दाराशी उभी असलेली सून म्हणाली. "काल आईंनी माझा हात धरला, 'चुकलं गं माझं' म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते मशीनचं होतं, की यांचं स्वतःचं?"

शार्दूलने लॉग खालपर्यंत सरकवला. सगळीकडे तेच वाक्य होतं.

"यावरून नाही सांगता येणार, वहिनी."

सुनेने पुढे होऊन सासूबाईंच्या कानामागची वायर हलकेच काढून टाकली.